वेगाचं आजोळ

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडं पसंतीला आलं की खरेदीदार दात बघतो, भोवरे तपासतो, उंची इंचांत विचारतो. मग हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "बाप कोण?" तापीकाठच्या या बाजारात मान असतो तो मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांना. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांत मात्र बापाच्या नुसत्या नावावर कोट्यवधींचे व्यवहार ठरतात, आणि त्यातलं गेल्या साठ वर्षांतलं सर्वांत वजनदार नाव आहे नॉर्दर्न डान्सर.

तो २७ मे १९६१ रोजी कॅनडातल्या ओशावा इथे जन्मला. आई नटाल्मा शर्यतीची घोडी. तिचा गुडघा दुखावला म्हणून हंगाम सरता सरता तिला निआर्क्टिक या नराकडून फळवलं. घोडी अकरा महिने गाभण राहते, त्यामुळे शिंगरू उशिरा आलं. तिकडे शर्यतीसाठी सगळ्यांचं वय १ जानेवारीपासून धरतात. म्हणजे हे पोर जन्मतःच मागे पडलेलं, शिवाय बुटकं. २५,००० डॉलरलाही कोणी घेईना. वाढ पूर्ण झाल्यावर उंची भरली जेमतेम ६२ इंच. याहून उंच मारवाडी घोडे सारंगखेड्यात सर्रास दिसतात.

याच घोड्याने १९६४ ची केंटकी डर्बी ही अमेरिकेतली मानाची शर्यत बरोबर दोन मिनिटांत मारली. तो विक्रम १९७३ पर्यंत टिकला. एकूण १८ शर्यती, त्यांत १४ विजय.

खरी कमाल पुढे झाली. त्याचा मुलगा निजिन्स्की १९७० मध्ये इंग्लंडचा तिहेरी मुकुट, म्हणजे एकाच हंगामातल्या तीन मानाच्या शर्यती, जिंकला. त्यानंतर आजवर एकाही घोड्याला ते जमलेलं नाही. दुसरा मुलगा सॅडलर्स वेल्स ब्रिटन-आयर्लंडमध्ये १४ वेळा (पिल्लांच्या शर्यतीतल्या कमाईवरून) सर्वोत्तम पिता ठरला, नातू गॅलिलिओ १२ वेळा. पणतू फ्रँकेल १४ शर्यती धावला आणि चौदाही जिंकला. १९८० च्या दशकात नॉर्दर्न डान्सरकडून एक घोडी फळवायचा दर दहा लाख डॉलरपर्यंत चढला होता.

हा वेग येतो कुठून? अनेक जनुकांतून, आणि खुराक व तालमीतूनही. पण एका जनुकाचा वाटा चांगलाच ठळक आहे. मायोस्टॅटिन हे प्रथिन स्नायूंच्या वाढीला लगाम घालतं. त्याच्या जनुकाचे थरोब्रेडमध्ये 'सी' आणि 'टी' असे दोन प्रकार आढळतात. आईबापांकडून दोन्ही 'सी' मिळाले तर स्नायू लवकर भरतात आणि घोडा कमी अंतरावर सुसाट सुटतो. दोन्ही 'टी' असतील तर लांब पल्ल्याला दम टिकतो. एकेक मिळालेला मधल्या अंतराला बरा.

२०१२ मध्ये आयर्लंडच्या शास्त्रज्ञांनी या 'सी'चा माग काढला. थरोब्रेडमध्ये तो आला एकाच पूर्वजाकडून, आणि तो पूर्वज बहुधा सुमारे तीनशे वर्षांपूर्वीची ब्रिटनमधली एक देशी घोडी. थरोब्रेडचे मूळपुरुष मानल्या जाणाऱ्या, पूर्वेकडून आणलेल्या नामांकित नरांचं श्रेय इथे एका अनामिक घोडीकडे जातं. मला या सगळ्या कहाणीतली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. विसाव्या शतकात तो प्रकार जगभर पसरला, तो मुख्यतः निआर्क्टिक आणि नॉर्दर्न डान्सर या बापलेकांमुळे.

एवढ्या पसाऱ्याची किंमतही मोजावी लागते. २०२० मध्ये दहा हजारांहून अधिक थरोब्रेडचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा ९७ टक्के वंशावळींत नॉर्दर्न डान्सर सापडला, आणि जवळच्या रक्ताचे संकर वाढत चालल्याचंही दिसलं. थरोब्रेडची वंशनोंद बंदिस्त असल्याने बाहेरचं रक्त आत येऊ शकत नाही. त्याच वर्षी अमेरिकेत ही वंशनोंद ठेवणाऱ्या जॉकी क्लबने एका नराला वर्षाला १४० घोड्यांची, म्हणजे माद्यांची, मर्यादा घातली होती. पैदासदार कोर्टात गेले आणि २०२२ मध्ये क्लबने ती मागे घेतली.