झडतीला संमती नव्हती, म्हणून खुनाची शिक्षा रद्द होते का?

साताऱ्यात, सांगलीत कोर्टाच्या आवारात एक गोष्ट वर्षानुवर्षं ऐकू येते: "घराची झडती संमतीशिवाय झाली ना? मग अपिलात सुटणारच." हे खरं नाही.

हा समज बहुधा अमेरिकन मालिकांतून आला असावा. तिथे बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा सहसा वगळला जातो. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 1973 साली पूरनमल खटल्यात वेगळंच सांगितलं: पुरावा प्रकरणाशी संबंधित असेल, तर केवळ झडती बेकायदा होती म्हणून तो बाद होत नाही. शिवाय खुनाच्या तपासात ठोस कारण लेखी नोंदवून पोलिस वॉरंट किंवा संमतीविनाही झडती घेऊ शकतात.

मग झडतीतले दोष निरुपयोगी? मुळीच नाही. कोयता नेमका कुठे सापडला, सील कधी लागलं, पंच खरोखर हजर होते की कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या, 1 जुलै 2024 पासून सक्तीचं झालेलं चित्रीकरण कुठे आहे? इथे जप्तीवरचा विश्वास ढासळतो, आणि संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. चांगला वकील इथेच घाव घालतो.

जन्मठेपेविरुद्ध उच्च न्यायालयात अपिलाची मुदत 60 दिवस आहे. सातारा-सांगलीकरांसाठी ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे. संमतीच्या एकाच मुद्द्यावर विसंबून घरच्यांनी हे दिवस घालवू नयेत, एवढी कळकळीची विनंती.