सेगान्तिनीच्या चित्रात ठिपके शोधू नका

फ्रेंच चित्रकार जॉर्ज सोरा बहुतेकांना माहीत असतो. ‘ग्रांद जात बेटावरची रविवार दुपार’, 1884 ते 1886, दोन मीटर उंच, तीन मीटर रुंद, सध्या शिकागोत. पॅलेटवर रंग कालवायचे नाहीत, शुद्ध रंगाचे ठिपके शेजारी शेजारी ठेवायचे, मिसळण्याचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोपवायचं. हा पॉइंटिलिझम, म्हणजे बिंदुवाद. इथवर कुणाचं चुकत नाही.

घोळ पुढच्या वाक्यात होतो. ‘हेच तंत्र इटलीत जोव्हान्नी सेगान्तिनीने वापरलं, तिकडे त्याला डिव्हिजनिझम, म्हणजे विभाजनवाद, म्हणतात.’ नोट्समध्ये, चित्रांखालच्या ओळींमध्ये, प्रश्नपत्रिकांच्या उत्तरांत हे वाक्य फिरत राहतं. ‘इटलीचा सोरा’ ही पदवी तर त्याहून वाईट. ज्याने ती पहिल्यांदा दिली, त्याने सेगान्तिनीचं एकही चित्र जवळून पाहिलेलं नसावं.

किरकोळ गोष्टी आधी उरकू. दोघांच्या वयात जवळपास दोन वर्षांचं अंतर. सोरा 1891 मध्ये गेला, सेगान्तिनी 1899 मध्ये, वयाच्या 41व्या वर्षी. आडनाव मुळात ‘सेगातिनी’, मधला ‘न’ त्याने स्वतः घातला. जन्म आर्कोचा, तेव्हाच्या ऑस्ट्रियन साम्राज्यातला. लहानपणीच ते नागरिकत्व गेलं आणि इटलीचं कधी मिळालं नाही. त्यामुळे तो इटालियन की ऑस्ट्रियन की स्विस, या वादात काही अर्थ नाही. कागदोपत्री तो कुठलाच नव्हता. भाषा इटालियन, शिक्षण मिलानच्या ब्रेरा अकादमीतलं, हाताचं वळण लोम्बार्डीचं, म्हणजे मिलानच्या परिसरातलं. एवढं पुरे.

आता खरी गल्लत. विभाजन हे तत्त्व आहे, ठिपका हे केवळ एक वळण, अक्षराला असतं तसं. रंगांचे घटक वेगळे करून शेजारी ठेवणं म्हणजे विभाजन. ते ठिपक्यांनी करता येतं, चौकोनी तुकड्यांनी येतं, लांब रेघांनीही येतं. प्रत्येक बिंदुवादी चित्रात विभाजन असतंच, पण विभाजन असलेल्या प्रत्येक चित्रात ठिपके असतील असं मुळीच नाही. सोराच्या बाजूचे लोकही हेच सांगत होते. 1899 च्या आपल्या पुस्तकात पॉल सिन्याकने बजावून लिहिलं की आम्ही ठिपके मारत नाही, रंग विभागतो. त्याचं कुणी ऐकलं नाही, ती गोष्ट वेगळी. (काळ्या पेनाने ठिपके मारून सावली दाखवण्यालाही हल्ली ‘पॉइंटिलिझम’ म्हणतात. ते स्टिपलिंग. त्यात रंगच नाही, तर विभागणार काय?)

सेगान्तिनीची रीत पाहा. कॅनव्हासवर आधी लालसर तपकिरी अस्तर. सोरा पांढऱ्या पृष्ठभागावर काम करतो, हा पहिलाच मोठा फरक. त्या अस्तरावर बारीक, लांबट, घट्ट रंगाचे फटकारे, आणि दोन फटकाऱ्यांमध्ये मुद्दाम सोडलेली फट. मग त्या फटीत पूरक रंग: हिरव्याशेजारी लाल, निळ्याशेजारी नारिंगी. आणि हे शक्यतो खालचा रंग ओला असतानाच. का, तेही त्याने सांगून ठेवलंय: चित्र एकजीव व्हावं म्हणून. म्हणजे कडा किंचित एकमेकींत उतरतात. सगळं मिसळणं डोळ्यावर सोपवलेलं नाही, थोडं कॅनव्हासवरच होऊ दिलेलं आहे.

नक्कल करणारे नेमके इथेच आपटतात. पूरक रंग ओल्यात पूर्ण मिसळले की करडा चिखल होतो. तेव्हा प्रत्येक फटकाऱ्यानंतर ब्रश पुसायचा आणि तीच जागा दुसऱ्यांदा घोटायची नाही. उलट खालचा रंग पार वाळू दिला, तर वरची रेघ चिकटवलेल्या दोऱ्यासारखी सुटी दिसते. मधली वेळ साधावी लागते. ठिपक्यांच्या पद्धतीत ही अडचण नाही, तिथे वाळलेल्यावर ठिपका दिला तरी चालतो. सोराने ग्रांद जातमध्ये आधीच्या कामावर ठिपके नंतर चढवलेच आहेत.

दुसरा फरक दिशेचा. ठिपक्याला दिशा नसते. सेगान्तिनीची रेघ वस्तूच्या अंगाने जाते: गवतात उभी, मेंढीच्या लोकरीत वळलेली, डोंगराच्या कड्यावर कोरल्यासारखी. व्हिएन्नातलं ‘वाईट माता’ (1894) बघा. बर्फाच्या माळावर वठलेलं झाड, त्याच्या फांदीत अडकलेले बाईचे केस. केस कुठे संपतात आणि फांदी कुठे सुरू होते ते कळत नाही, कारण दोन्ही एकाच वळणाच्या रेघांत धावतात. ठिपक्यांनी हे करून दाखवा.

अंतराचंही तेच. डोळ्याची ताकद साधारण एक मिनिट कोनाची (अंशाचा साठावा भाग) धरली, तर 3 मिलिमीटरचा ठिपका विरघळायला जवळपास 10 मीटर मागे जावं लागतं. त्यातून पिवळ्या-निळ्याचा लखलखीत हिरवा मिळेल ही आशाही सोडा. डोळा दोघांची सरासरी काढतो आणि ती करड्याकडे झुकते. सेगान्तिनीची रेघ मात्र अगदी जवळूनही गवत म्हणून वाचता येते, मागे गेलात की तिच्यात उजेड भरतो. हे मला सोराच्या हिशेबापेक्षा सरस वाटतं. सोराचं नशीबही खोटं, त्याच्या झिंक यलोने दगा दिला आणि ग्रांद जातमधले पिवळे ठिपके तपकिरी पडले.

मग गल्लत मुळात झाली कशी? तारखेमुळे. ग्रांद जात पॅरिसमध्ये लोकांपुढे आलं ते 1886 मध्ये, आणि त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या साव्होन्यीन गावी सेगान्तिनीने आपलं जुनं चित्र ‘आव्हे मारिया’ नव्याने रंगवलं. होडी, मेंढरं, पोराला कवटाळून बसलेली आई, संध्याकाळ. हे त्याचं विभाजन पद्धतीचं पहिलं चित्र. तारखा जुळल्या की गुरू-शिष्य जुळवायला कितीसा वेळ लागतो! प्रत्यक्षात दुवा होता व्हित्तोरे ग्रुबिची, सेगान्तिनीचा चित्रविक्रेता. पॅरिसमधल्या नव्या रंगविचाराबद्दल त्याने वाचलं होतं, आणि ‘ते चित्र पुन्हा कर, असं कर’ म्हणून त्याने टुमणं लावलं. विचार ऐकीव होता, हात सेगान्तिनीचाच. हेच चित्र 1882 मध्ये त्याने जुन्या पद्धतीने केलं होतं आणि 1883 मध्ये अॅमस्टरडॅमला त्याला सुवर्णपदकही मिळालं होतं. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पाहिली की व्याख्येची गरज पडत नाही. होडी तीच, बदललाय तो उजेड.

इटलीत ही पद्धत उघडपणे लोकांसमोर आली 1891 मध्ये, मिलानच्या ब्रेरातल्या त्रैवार्षिक प्रदर्शनात. तिथे सेगान्तिनीचं ‘दोन माता’ होतं आणि गाएतानो प्रेव्हियाती या दुसऱ्या चित्रकाराचं ‘मातृत्व’. ‘दोन माता’मध्ये आहे एक अंधारा गोठा, कंदील, गाय-वासरू आणि मांडीवर मूल घेतलेली बाई. ‘विभाजन म्हणजे उन्हाची चित्रं’ असं म्हणणाऱ्यांना हा गोठा दाखवावा.

1894 मध्ये सेगान्तिनी स्वित्झर्लंडमध्येच आणखी वर, मालोयाला गेला. हवा विरळ, दूरचा कडाही धारदार दिसणारा. मोठे कॅनव्हास तो उघड्यावर, डोंगरातच रंगवायचा, फळ्यांच्या आडोशात ठेवायचा. सोराने बेटावर छोटे अभ्यास करून मोठं चित्र स्टुडिओत रचलं. ‘जीवन, निसर्ग, मृत्यू’ या तीन चित्रांवर काम चालू असतानाच, 28 सप्टेंबर 1899 रोजी, पोन्त्रेझिनावरच्या शाफबर्ग डोंगरावर पोटाच्या आजाराने सेगान्तिनी गेला. तिन्ही चित्रं सेंट मॉरिट्झच्या त्याच्या संग्रहालयात आहेत.

फोनवर पाहणार असाल तर पूर्ण चित्र बघून मत बनवू नका. बोटभर आकारात रेघ आणि ठिपका सारखेच दिसतात. गवताचा एक कोपरा मोठा करा. रंगाचा तुकडा कुठल्या तरी दिशेने जात असेल, तर त्याखाली ‘बिंदुवाद’ लिहू नका.