लोकांची मर्जी राखणे आणि लोकांसाठी वाकणे

आद्य ख्रिस्ती प्रचारक पौल याच्या बायबलमधील दोन पत्रांतील दोन विधाने शेजारी ठेवली की वाचक गोंधळतो. मी अजूनही माणसांना संतुष्ट करत असतो तर ख्रिस्ताचा दास नसतो, असे तो गलतीकरांस लिहितो (१:१०). करिंथकरांस मात्र, मी सर्व गोष्टींत सर्वांना संतुष्ट करतो, असे सांगतो (पहिले पत्र, १०:३३). मूळ ग्रीकमध्येही क्रियापद एकच असल्याने भाषांतरावर खापर फोडता येत नाही.

उलगडा होतो तो सुंतेच्या दोन प्रसंगांतून. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याची आई यहुदी आणि वडील ग्रीक. त्या भागातील यहुद्यांना हे ठाऊक असल्यामुळे पौलाने त्याची सुंता करवून घेतली. दुसरा सहकारी तीत हा ग्रीक, पण सुंतेवाचून त्याचा विश्वास अपुरा आहे असा आग्रह यरुशलेमेत धरला गेला, तेव्हा पौल क्षणभरही नमला नाही. पहिल्या वेळी ऐकणाऱ्यांच्या वाटेतील अडथळा दूर होत होता. दुसऱ्या वेळी देवाच्या कृपेलाच अट घातली जात होती. अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र याची गफलत झाली ती इथेच. परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांच्या, पंगतीला बसणारा पेत्र, यरुशलेमेतील मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून माणसे येताच, सुंतेचा आग्रह धरणाऱ्यांच्या भीतीने उठून वेगळा झाला आणि पौलाचा सोबती बर्णबाही त्याच्यामागे गेला. वरवर पाहता हा पाहुण्यांचा मान राखणेच वाटेल. पण जे कालपर्यंत ताटाला ताट लावून जेवत होते, त्यांचे काय?

मर्जीची पर्वा नसणे म्हणजे फटकळपणा, असा समज आपल्याकडे काही मंडळींत दिसतो. माझ्या मते तो सोयीचा तेवढाच आहे. भावाला अडखळण होत असेल तर मी मांस कधीच खाणार नाही, असे म्हणणाराही हाच पौल आहे.

पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात ही दोन्ही टोके एकाच छपराखाली दिसतात. १८८९ साली मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे पुण्यात हलवलेल्या या सदनात, बाई स्वतः ख्रिस्ती असूनही, विधवा मुलींना आपापल्या जातीचे खाण्यापिण्याचे नियम पाळण्याची मुभा होती. मात्र बाई स्वतः प्रार्थनेला बसत तेव्हा खोलीचे दार उघडे असे, आणि मुली आपणहून आत येऊन बसू लागल्या तेव्हा पुण्यात गहजब झाला. १८९३ साली सल्लागार मंडळातील रानडे, भांडारकर यांच्यासारख्यांनीही राजीनामे दिले. रमाबाईंनी दार लावून घेतले नाही.