ऑरेंजमधला ‘न’ कुठे गळाला?

संत्र्याचा हंगाम आला की एक मेसेज फिरू लागतो. यंदा तो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही आला: ‘नागपूरचा रंग म्हणून नारंग, त्याचंच इंग्रजांनी ऑरेंज केलं.’ पण बख्त बुलंद शाहानं नागपूर वसवलं १७०२मध्ये, आणि ऑरेंज हा शब्द इंग्रजीत त्याच्या सुमारे तीनशे वर्षं आधीपासून आहे. गावाचा अभिमान मलाही आहे, त्यासाठी खोटी व्युत्पत्ती कशाला? संस्कृतमधला ‘नारंग’सुद्धा बहुधा द्राविडी भाषांतून आलेला. मल्याळममध्ये साध्या लिंबाला आजही ‘चेरुनारंगा’, म्हणजे छोटं नारंग, म्हणतात.

नारंग फारसीत गेला, अरबीत ‘नारंज’ झाला, स्पॅनिशमध्ये ‘नारांहा’. सगळीकडे ‘न’ शाबूत. मग ऑरेंजमधला कुठे गेला?

‘वीस संत्री द्या’ हे भरभर म्हणून बघा. तोंडातून ‘वीसंत्री’ बाहेर पडतं. बोलण्याच्या ध्वनिलहरीत दोन शब्दांमध्ये फट नसतेच. ऐकणाऱ्याचा मेंदू ओळखीच्या शब्दांच्या आधारानं ती पाडतो. संत्री आपल्या ओळखीची, म्हणून एकच ‘स’ आपण दोन्हीकडे ऐकतो. फळही नवं आणि शब्दही नवा असेल, तर कुणी ‘वीस अंत्री’ ऐकेल. इटालियनमध्ये नेमकं हेच झालं. तिथे ‘एक’ म्हणजे ‘उन’. ‘उन नारांचो’ लोकांनी ‘उन आरांचो’ असं तोडलं आणि ‘न’ गेला. जुन्या फ्रेंचमध्येही शब्द ‘ओरेंज’ असा बिननकारी झाला. ‘ओर’ म्हणजे सोनं, त्याचाही हातभार लागला असावा. तोच इंग्लंडला पोचला. ‘अ नॉरेंज’चं ‘ॲन ऑरेंज’ झालं असं सर्रास सांगतात, ते चूक आहे. एप्रनच्या बाबतीत मात्र ते इंग्रजीतच घडलं: ‘अ नेप्रन’चं ‘ॲन एप्रन’. निकनेममध्ये उलटं: ‘ॲन एकनेम’मधला (जुन्या इंग्रजीत ‘एक’ म्हणजे ‘आणखी’) ‘न’ पुढच्या शब्दाला चिकटला.

अर्थही जागचा हलला. युरोपात आधी ऑरेंज म्हणजे आंबट-कडू नारिंग. पुढे पोर्तुगीजांच्या व्यापारातून गोड फळ रुळलं आणि ते नाव त्याला मिळालं. अरबीत गोड फळ ‘बुर्तुकाल’ झालं, म्हणजे पोर्तुगाल!

रंग सर्वांत शेवटी आला. सोळाव्या शतकापर्यंत इंग्रजीत ऑरेंज हे रंगाचं नाव नव्हतंच. रॉबिन पक्ष्याची छाती चांगली नारिंगी असते, पण त्याचं नाव आधीच पडलं होतं, म्हणून तो आजही ‘रेडब्रेस्ट’च आहे.