युग्मतारे : घरगुती दुर्बिणीतून निरीक्षण

नुसत्या डोळ्यांना एकच दिसणारा तारा दुर्बिणीतून पाहिल्यावर दोन किंवा अधिक ताऱ्यांचा निघाला, तर त्याला युग्मतारा किंवा जोडतारा म्हणतात. एकमेकांच्या गुरुत्वाकर्षणाने बांधलेले आणि सामाईक गुरुत्वमध्याभोवती फिरणारे तारे हे खरे युग्म होय. केवळ एका दृष्टिरेषेत आल्याने शेजारी भासणारे तारे हे भासमान युग्म. वर्णपटावरून किंवा तेजातील चढउतारांवरून ओळखली जाणारी युग्मे हौशी निरीक्षकाच्या दुर्बिणीत सुटी होत नाहीत. त्यांचा विचार येथे केलेला नाही.

नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या जोड्या प्राचीन काळापासून माहीत आहेत. ग्रीक खगोलज्ञ टॉलेमीने आपल्या तारासूचीत धनू राशीतील न्यू (राशीतील ताऱ्यांना ग्रीक अक्षरांची नावे देतात, त्यांतील ν) या ताऱ्याला ‘दुहेरी’ म्हटले आहे. सप्तर्षींतील वसिष्ठ आणि अरुंधती ही आपल्याकडची सर्वांत परिचित जोडी. दोघांत सुमारे १२ कलांचे (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) अंतर आहे. लग्नात अरुंधतीदर्शन करवताना आधी ठळक तारा दाखवायचा आणि मग नजर हळूच मंद ताऱ्याकडे न्यायची, या रीतीवरून ‘अरुंधतीदर्शनन्याय’ आला. दुर्बिणीने मंद जोडी शोधतानाही नेमके हेच करावे लागते.

वसिष्ठ हा स्वतःच जोडतारा आहे. २.२ आणि ३.९ प्रतींचे (प्रत म्हणजे तेजाचे माप; आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी) त्याचे दोन घटक एकमेकांपासून १४.४ विकलांवर (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) आहेत, आणि दुर्बिणीने उलगडलेले पहिले युग्म म्हणून बहुतेक ग्रंथांत त्याचेच नाव येते. मात्र हा मान कोणाचा, याबद्दल एकवाक्यता नाही. जुने संदर्भग्रंथ १६५० च्या सुमारास इटालियन खगोलज्ञ रिच्चिओली याने हे युग्म शोधल्याचे सांगतात आणि नंतरच्या अनेक पुस्तकांत तेच उतरले आहे. पण गॅलिलिओचा शिष्य बेनेदेत्तो कॅस्टेली याने जानेवारी १६१७ मध्येच गॅलिलिओला हा तारा पाहण्याची विनंती केली होती, आणि त्याच सुमारास गॅलिलिओने केलेल्या टिपणात दोन घटकांतील अंतर १५ विकला दिले आहे. हा आकडा आजच्या मोजमापाच्या इतका जवळ आहे की कॅस्टेली-गॅलिलिओचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो.

गॅलिलिओचा हेतू जोड्या गोळा करण्याचा नव्हता. तेजस्वी तारा जवळचा आणि मंद तारा दूरचा असेल, तर पृथ्वीच्या वार्षिक भ्रमणामुळे त्यांच्यातील अंतर बदलताना दिसेल आणि त्यावरून ताऱ्याचा पराशय (पृथ्वीची जागा बदलल्याने ताऱ्याचे दिसणारे सरकणे, ज्यावरून त्याचे अंतर काढता येते) मिळेल, ही त्यामागची कल्पना. १७७९ मध्ये विल्यम हर्शेल यानेही याच हेतूने शोध सुरू केला व १७८२ मध्ये २६९ जोड्यांची सूची प्रसिद्ध केली. इतक्या जोड्या निव्वळ योगायोगाने बनणे संभवनीय नाही, असा संख्याशास्त्रीय युक्तिवाद जॉन मिशेल याने १७६७ मध्येच केला होता. त्याला निरीक्षणाचा आधार हर्शेलने १८०३ मध्ये दिला. पुनर्वसूतील कॅस्टर व इतर काही जोड्यांचे घटक एकमेकांभोवती फिरत असल्याचे त्याने दाखवले. पराशय हाती लागला नाही, पण गुरुत्वाकर्षण सूर्यमालेबाहेरही चालते याचा पहिला प्रत्यक्ष पुरावा मिळाला.

भारताशी या विषयाचा संबंध बराच जुना आहे. डिसेंबर १६८९ मध्ये पुदुच्चेरी येथे एक धूमकेतू पाहत असताना जेझुइट पाद्री झाँ रिशो याला नरतुरंगातील अल्फा, म्हणजे मित्र, हा तारा दुहेरी दिसला. महाराष्ट्राच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे नाव विल्यम स्टीफन जेकब (१८१३–६२) या लष्करी अभियंत्याचे. त्याने १८४२ मध्ये पुण्यात खाजगी वेधशाळा उभारली आणि डॉलंड बनावटीच्या सुमारे ५ फुटी दुर्बिणीतून २४४ युग्मताऱ्यांची सूची तयार केली. वृश्चिकेतील न्यू या परिचित जोडीचा मंद घटक स्वतःच दुहेरी असल्याचे त्याला १८४७ मध्ये आढळले. पुढे तो मद्रास वेधशाळेचा संचालक झाला. भुजंगधारीतील ७० क्रमांकाच्या युग्माच्या गतीतील विसंगतीवरून तेथे ग्रह असावा, असे त्याने १८५५ मध्ये सुचवले; ते नंतर टिकले नाही. ऑगस्ट १८६२ मध्ये नवी ९ इंची दुर्बीण घेऊन तो पुन्हा पुण्यास आला आणि काही दिवसांतच तेथे वारला. पुण्याच्या विज्ञानेतिहासात या माणसाला मिळते त्याहून मोठी जागा मिळायला हवी.

दुर्बीण किती जवळची जोडी वेगळी करील, हे वस्तुभिंगाच्या किंवा आरशाच्या व्यासावर ठरते. विल्यम डॉज याने अनुभवातून दिलेल्या नियमाप्रमाणे ११६ ला मिलिमीटरमधील व्यासाने भागले की विकलांतील मर्यादा मिळते : ६० मिमी.ला १.९, १०० मिमी.ला १.२, १५० मिमी.ला ०.८. हा नियम जवळपास सारख्या तेजाच्या, सुमारे सहाव्या प्रतीच्या जोड्यांसाठी आहे. एक घटक फार मंद असेल तर तो दुसऱ्याच्या झळाळीत बुडतो.

प्रत्यक्षात मर्यादा घालते ती बहुधा हवा. शहरातील उजेडाने दीर्घिका आणि तेजोमेघ पुसले जातात, तेजस्वी जोड्या मात्र शाबूत राहतात. म्हणून मुंबई-पुण्याच्या गच्चीवरून करण्याजोगे हे काम आहे. अडचण गच्चीचीच असते. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडतो आणि ताऱ्याची प्रतिमा उकळत्या पाण्यातल्या खड्यासारखी थरथरते. दुर्बीण तासभर आधी बाहेर ठेवावी, मध्यरात्रीनंतर पाहावे आणि जोडी आकाशात उंच आलेली असावी. हवा स्थिर झाली की प्रत्येक ताऱ्याची बारीक चकती आणि तिच्याभोवती एक नाजूक कडे दिसते. दोन चकत्यांमध्ये केसाएवढी काळी फट उघडते, क्षणभर टिकते, पुन्हा मिटते. त्या क्षणासाठी डोळा नेत्रिकेला (दुर्बिणीच्या डोळ्याकडील भिंगाला) लावून पाच-दहा मिनिटे थांबावे लागते.

मोजमापात दोन राशी येतात : विकलांतील अंतर आणि स्थितिकोन. स्थितिकोन म्हणजे तेजस्वी ताऱ्यापासून मंद तारा कोणत्या दिशेला आहे तो कोन; तो उत्तरेपासून पूर्वेकडे मोजतात. रेखांकित पट्टी असलेल्या नेत्रिकेचे अंशांकन घरीच करता येते. अनुसरण यंत्र (ताऱ्यामागे दुर्बीण फिरवणारे यंत्र) बंद ठेवले की वैषुविक वृत्तावरील (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या वर आकाशात कल्पिलेल्या वृत्तावरील) तारा सेकंदाला सुमारे १५ विकला सरकतो. इतरत्र या आकड्याला क्रांतीच्या (त्या वृत्तापासून ताऱ्याच्या कोनीय अंतराच्या) कोज्येने (cos) गुणायचे. तारा पट्टी ओलांडायला किती सेकंद घेतो हे दहा-बारा वेळा मोजून सरासरी काढली की एका भागाचे मूल्य मिळते. मिळालेली मापे तारखेसह लिहून ठेवावीत, कारण वॉशिंग्टनच्या युग्मतारा-सूचीत दीड लाखाहून अधिक जोड्या असून त्यांतील पुष्कळशा क्वचितच मोजल्या जातात.

सुरुवात मेष राशीतील गॅमापासून करावी. अश्विनी नक्षत्रातील हा तारा १६६४ मध्ये रॉबर्ट हूकला धूमकेतूचा माग काढताना दुहेरी दिसला. दोन्ही घटक जवळजवळ समान तेजाचे, पांढरे, ७.५ विकला अंतरावर आहेत. मार्गशीर्षात रात्री नवाच्या सुमारास तो मुंबई-पुण्याच्या अगदी डोक्यावरून जातो. हंसातील अल्बिरेओ (३४ विकला) सोनेरी-निळ्या रंगांसाठी प्रसिद्ध आहे. ते खरे युग्म आहे की भासमान, हे अद्याप निश्चित नाही. कन्येतील गॅमाचा आवर्तकाल सुमारे १६९ वर्षे. १८३६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील केपहून पाहताना जॉन हर्शेलला ही जोडी एकसंध दिसली होती. २००५ मध्ये अंतर पुन्हा ०.४ विकलांवर आले आणि आता ते ३ विकलांपलीकडे गेले आहे. वृश्चिकेतील ज्येष्ठेचा पाचव्या प्रतीचा सोबती २.६ विकलांवर, तिच्या लाल झळाळीत लपलेला असतो. लंडनहून ज्येष्ठा क्षितिजावर जेमतेम १२ अंश चढते, पुण्यात ४५ अंश. हा लाभ येथील निरीक्षकाने घ्यावा.

जेकबची जोडीही तेथून दूर नाही. अनुराधेतील उत्तरेकडचा तारा, वृश्चिकेचा बीटा, हा १३.६ विकलांचा सोपा युग्मतारा. त्याच्या पूर्वेला दीड अंशावर न्यू आहे. कमी वर्धनात (दुर्बीण प्रतिमा किती पट मोठी करते त्यात) त्याचे दोन तारे ४१ विकलांवर दिसतात. वर्धन दीडशेपर्यंत नेले की मंद तारा २.४ विकलांच्या दोन ठिपक्यांत फुटतो. तेजस्वी ताऱ्याचे दोन भाग १.३ विकलांवर आहेत. ते पुढे शिकागोच्या न्यायालयात लघुलेखक असलेल्या शेरबर्न वेस्ली बर्नहॅम याला दिसले, आणि त्यासाठी सहा इंची दुर्बीण व स्थिर रात्र लागते.