जुन्या स्पोर्ट्स कारला ब्रेक डिस्क निवडताना आधी लोखंड बघा

इंदूरहून महू ओलांडून जाम गेटला पोचलं की माळव्याचं पठार संपतं आणि रस्ता वळणं घेत निमाडात उतरायला लागतो. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटरवर, नर्मदाकाठचं महेश्वर सुमारे 150 मीटरवर. शाळेतल्या भौतिकशास्त्राने हिशेब मांडला तर 1,300 किलोंची गाडी एवढी खाली येताना जवळपास 51 लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी टाकून द्यावी लागते. तीच गाडी सपाट रस्त्यावर ताशी 100 किलोमीटरवरून पूर्ण थांबवताना 5 लाख ज्यूल खर्ची पडतात. म्हणजे हा उतार शंभरच्या वेगावरून दहा वेळा थांबण्याच्या तोडीचा झाला. वारा, टायरचं घर्षण आणि खालच्या गिअरमधलं इंजिन यातला बराच वाटा उचलतात. उरलेलं सगळं चाकांमागच्या लोखंडी चकत्यांवर, म्हणजे ब्रेक डिस्कवर येतं.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची दोन दारांची स्पोर्ट्स कार जिवापाड जपणारी मंडळी इंदुरात आहेत. डिस्क बदलायची वेळ आली की त्यांचा पहिला प्रश्न असतो, छिद्रांची घेऊ की खाचांची? माझ्या मते सुरुवात इथून करूच नये. डिस्कचं काम गतीची उष्णता करणं, ती पोटात साठवणं आणि मग हवेला देणं एवढंच आहे. यात साठवण्याचा भाग सगळ्यात दुर्लक्षित राहतो.

साठवणीचा हिशेब सोपा आहे. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं, त्यामुळे सुमारे 70 टक्के काम पुढचे ब्रेक करतात. 5 लाखांपैकी साडेतीन लाख ज्यूल पुढे, एका डिस्कच्या वाट्याला पावणेदोन लाख. डिस्कमधलं तापणारं लोखंड 6 किलो धरलं, तर एक किलो लोखंड एक अंशाने तापायला साधारण 500 ज्यूल लागतात, म्हणजे एका थांब्याला तापमान जवळपास 60 अंशांनी चढतं. थांबायला लागतात तीन-चार सेकंद. तेवढ्यात हवा फारशी उष्णता नेऊ शकत नाही, त्या क्षणी कामाला येतं ते फक्त लोखंडाचं वजन. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. पीथमपूरजवळच्या नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राच्या 11.3 किलोमीटरच्या लंबगोल ट्रॅकसारख्या ठिकाणी गाडी 200 ला नेली आणि तिथून थांबवली, तर एकाच थांब्यात अडीचशे अंशांच्या आसपास वाढ होईल.

आता जुनी डिस्क हातात घ्या. बाहेरच्या कडेला पॅड, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारा घर्षणाचा तुकडा, जिथे पोचत नाही तिथे एक उंच कंगोरा राहिलेला असतो, त्यावरून नख फिरवलं की झीज कळते. मधल्या टोपीवर किंवा कडेवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. समजा नवी डिस्क 24 मिलिमीटरची आणि किमान जाडी 22. दोनच मिलिमीटर, असं वाटतं. पण या डिस्कला मधे हवेसाठी पोकळी असते. दोन्ही बाजूंचे पत्रे मिळून खरं लोखंड 14-15 मिलिमीटरच, त्यातले दोन गेले म्हणजे साठवणीचा सातवा भाग गेला. म्हणून किमान जाडीजवळ पोचलेली डिस्क लेथवर फेस मारून, म्हणजे वरचा थर कापून सपाट करून, पुन्हा बसवणं मला पटत नाही.

डिस्कचं लोखंड साधं पोलाद नसतं, ते बीड, म्हणजे कास्ट आयर्न असतं. त्यात ग्रॅफाइटच्या बारीक पाकळ्या विखुरलेल्या असतात. त्या उष्णता भरभर आत नेतात आणि कंपनंही गिळतात, म्हणून ब्रेक कमी किंचाळतो. जास्त कार्बनच्या बिडात हे दोन्ही गुण वाढतात, आणि तापणं-निवणं वारंवार झालं तरी भेगा उशिरा पडतात. दिसायला स्वस्त आणि महाग डिस्क सारख्याच, फरक ओतकामात असतो. इंदूरच्या छोटी ग्वालटोलीतल्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर तो डोळ्यांनी ओळखता येत नाही. त्यामुळे बिनछाप डिस्क टाळावी. युरोपात बदली ब्रेक भागांसाठी आर-90 हा नियम आहे. त्याखाली मान्यता मिळालेल्या मालावर ‘ई’ अक्षर आणि क्रमांक असतो. फार जुन्या मॉडेलला असा माल मिळेलच असं नाही, पण मिळाला तर माझी पहिली पसंती त्याला.

छिद्रांचा इतिहास पॅडशी जोडलेला आहे. जुन्या काळचे पॅड तापले की त्यांतून वायू सुटायचा, तो पॅड आणि डिस्क यांच्यामधे अडकून पकड कमी व्हायची. छिद्रांनी त्याला वाट मिळाली. आजच्या पॅडमध्ये ही अडचण फार कमी आहे. पावसात पाणी झटकायला छिद्रं उपयोगी पडतात, हे खरं. पण प्रत्येक छिद्राने थोडं लोखंड कमी होतं, आणि कडक ब्रेकिंगमध्ये भेगा त्याच्याच कडेपासून सुरू होतात. गाडी कारखान्यातूनच छिद्रांच्या डिस्कवर आली असेल तर त्याच रचनेची चांगल्या दर्जाची डिस्क बसवावी, कारण ती विचार करून आखलेली असते. साध्या डिस्कला मागाहून ड्रिल मारून घेणं मात्र धोक्याचं आहे. खाचा त्या मानाने निरुपद्रवी. पॅडचा पृष्ठभाग खरवडून साफ ठेवतात, बदल्यात पॅड लवकर झिजतो आणि थोडा आवाज येतो. शहर, महामार्ग आणि अधूनमधून घाट, एवढ्यासाठी चांगल्या बिडाची साधी हवेशीर डिस्क मी निवडेन.

हवेशीर म्हणजे आत पाती असलेली. चाक फिरतं तशी ती पाती, कूलरच्या ब्लोअरसारखी, मधून हवा ओढून बाहेर फेकतात. पाती सरळ असतील तर डिस्क कुठल्याही बाजूला चालते. वाकडी असतील तर डावी-उजवी वेगळी. आतून बाहेर जाताना पाती फिरण्याच्या उलट दिशेला झुकलेली हवीत. मेकॅनिक बऱ्याचदा वरच्या खाचांची दिशा बघून बाजू ठरवतात. खाचांवर जाऊ नका, कडेच्या फटीतून टॉर्च मारून पाती बघा.

मोठी डिस्क लावण्याचा मोह होतो. व्यास वाढला की त्याच पेडलदाबाला चाकावरचा ब्रेकचा जोर वाढतो, साठवणही वाढते. पण मूळ ब्रेक आधीच चाक लॉक करण्याइतके किंवा एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, चालू करण्याइतके जोरदार असतील, तर एकाच थांब्याचं अंतर मोठ्या डिस्कने कमी होत नाही. ती मर्यादा टायरची असते, आणि वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर कडक झालेले असतात. फक्त पुढची डिस्क वाढवली तर पुढच्या-मागच्या ब्रेकचा समतोलही ढळतो. तो पैसा टायर आणि ब्रेक ऑइलवर आधी खर्च करावा. डॉट-4 दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शोषलेल्या ऑइलसाठी हीच किमान मर्यादा 155 अंशांची आहे. ते हवेतली ओल ओढून घेतं, आणि घाटात उकळलं की पेडल मऊ पडून खाली जातं.

हादऱ्यांबद्दल मला जरा ठासून सांगायचं आहे. ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरलं की गॅरेजात निदान होतं, “डिस्क बेंड झाली.” बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते, तिची जाडी ठिकठिकाणी वेगळी झालेली असते. दोन शतांश मिलिमीटरचा फरकही हाताला जाणवतो. कारणं दोन. एक, तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून धरल्याने पॅडचा थर एकाच जागी चिकटतो. तिथे लोखंड पुन्हा पुन्हा जास्त तापून सिमेंटाइट नावाचं कठीण रूप घेतं. निळसर डाग दिसतात ते अशा जागी. दुसरं, हबच्या, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या भागाच्या तोंडावर साचलेला गंज. त्यावर नवी डिस्क बसवली की ती किंचित तिरकी फिरते, प्रत्येक फेरीत पॅडला एकाच जागी घासते आणि काही हजार किलोमीटरनंतर थरथर सुरू होते. पावसाळाभर झाकून ठेवलेल्या गाडीत हा गंज हमखास सापडतो. वायर ब्रशने हब लखलखीत करून घ्या, डिस्क नटांनी कसून बसवा आणि कडेजवळ डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मापक, लावून डिस्क हाताने फिरवा. काटा 0.05 मिलिमीटरच्या आत हलला पाहिजे. जास्त हलला तर डिस्क एक बोल्ट पुढे सरकवून पुन्हा बसवली की पुष्कळदा जमून जातं.

नव्या डिस्कवर नवेच पॅड घाला. गंजू नये म्हणून लावलेलं तेल ब्रेक क्लीनरने पुसून काढा. मग पहाटे इंदूरच्या सुपर कॉरिडॉरसारख्या रुंद, मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे बघून, ताशी 60 वरून 15-20 पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग कमी करा. पूर्ण थांबू नका. त्यानंतर काही किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता गाडी चालवून डिस्क निवू द्या, आणि गरम असताना उभी करावीच लागली तर सपाट जागी, हँडब्रेक न ओढता, गिअरमध्ये ठेवा.