गोठा आणि लेकरांचा दमा

लहानपणापासून ढोरं, शेण, माती यांच्यात वाढलेल्या मुलांमध्ये दमा आणि अ‍ॅलर्जी कमी दिसते, याला अभ्यासक फार्म इफेक्ट म्हणतात. आपल्याकडे वावरातून आलेली बैलजोडी घराला लागून असलेल्या गोठ्यात बांधली जाते, अंगणात शेणाचा सडा पडतो अन् लेकरं कुटाराच्या ढिगावर लोळतात, त्यामुळे विदर्भातल्या खेड्यात हे वातावरण कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

सुरुवात झाली १९८९ मध्ये. ब्रिटनमधल्या डेव्हिड स्ट्रॅचन या संशोधकांना दिसलं की ज्या घरात भावंडं जास्त, तिथे मुलांना परागकणांची अ‍ॅलर्जी कमी; लहानपणी भावंडांकडून जंतूंचा संपर्क जास्त येतो म्हणून असं होत असावं, असा त्यांचा अंदाज होता. पण सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेतल्या अमिश आणि हटराइट लोकांचं आहे. दोघांचंही मूळ युरोपातलं, दोघंही शेतकरी, फरक एवढाच की अमिश घोड्यांनी शेती करतात अन् गोठा घराजवळ असतो, तर हटराइट मोठ्या यंत्रांनी करतात अन् त्यांचे गोठे वस्तीपासून लांब असतात. २०१६ च्या अभ्यासात अमिश मुलांमध्ये दम्याचं प्रमाण ५.२ टक्के दिलंय, हटराइटमध्ये २१.३. अमिश घरातल्या धुळीत एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंच्या आवरणाचे कण, जवळपास सात पट होते. हे कण थोडेथोडे रोज श्वासात गेले की श्वासनलिकेच्या अस्तरात ए-२० नावाचं प्रथिन वाढतं, ते सूज आवरतं, मग धुळीसारख्या साध्या गोष्टीवर शरीर तुटून पडत नाही. शरीराचं हे शिक्षण पहिल्या एक-दोन वर्षांत, अन् आई गरोदरपणी गोठ्यात वावरत असेल तर पोटातच सुरू होतं.

शहरात हे मिळत नाही, उलट गाड्यांचा धूर, झुरळांचे कण, ओल्या भिंतींची बुरशी मिळते. आपल्या गावांतही ट्रॅक्टर आल्यावर गोठे रिकामे होत चाललेत, ही मला खरी काळजीची गोष्ट वाटते.

पण चुलीचा धूर यात मोजू नका. पऱ्हाटी जाळून स्वयंपाक होतो तेव्हा आईजवळ बसलेल्या लेकराच्या छातीत बारीक कण जातात, त्याने फुप्फुसं खराबच होतात, गोठा कितीही जवळ असला तरी. कच्च्या दुधाचंही तसंच, उकळूनच द्या, त्यातून ब्रुसेला अन् क्षयाचे जंतू येऊ शकतात. आणि ज्याला दमा आधीच झालाय त्याला तूर किंवा सोयाबीन काढताना थ्रेशरपासून लांब ठेवा, धुळीने धाप लागते. डॉक्टरने पंप दिला असेल तर "सवय लागते" म्हणून बंद करू नका, त्यातलं औषध थेट श्वासनलिकेत जातं, म्हणून गोळीपेक्षा कितीतरी कमी मात्रा लागते.